खाजेचे कारण ताटात शोधताना

(रुग्णालयाच्या आरोग्य व्याख्यानमालेत त्वचारोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक आम्हाला मिळाली आणि आम्ही खाज हा विषय निवडला, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग असे भारदस्त विषय सोडून खाजेवर काय बोलायचे? खाजेने सहसा कोणी दगावत नाही, हे खरे. परंतु जिची झोप महिनोन्महिने उडालेली आहे अशा व्यक्तीला विचारावे. दुखणे परवडले पण ही खाज नको, असेच उत्तर मिळते. साम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० साली खाजेची व्याख्या केली, ती अशी की खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना म्हणजे खाज. आजची पाठ्यपुस्तकेही हीच व्याख्या देतात. व्याख्या सोपी आहे; कारण शोधणे मात्र तितके सोपे नाही.

बाह्यरुग्ण विभागात खाजेची तक्रार घेऊन आलेला रुग्ण खुर्चीवर बसता बसता बहुधा एकच प्रश्न करतो, "डॉक्टर, पथ्य काय करू?" म्हणजे कारण अन्नात आहे, हे त्याने ठरवूनच टाकलेले असते, कोणत्या पदार्थात, एवढेच आम्ही सांगायचे उरलेले असते. मराठी माणसाच्या मनात खाजेचा आणि जेवणाचा हा संबंध इतका घट्ट का, याचे एक उत्तर आपल्या भाषेतच आहे. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की आपण "पित्त उठले" असे म्हणतो. पित्त म्हटले की पोट आले, आणि पोट आले की खाणे आले. आयुर्वेदात या विकारास शीतपित्त हे नाव आहे आणि त्यात गार वाऱ्याच्या स्पर्शाचाही विचार केलेला आहे. गार वाऱ्याने किंवा गार पाण्याने गांधी उठणारे रुग्ण आम्ही खरोखरच पाहतो. व्यवहारात मात्र 'शीत' मागे पडले आणि 'पित्त' तेवढे उरले.

त्यामुळे रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा वांगे बंद झालेले असते, आंबट बंद, तळलेले बंद, शेंगदाण्याचे कूट बंद, अंडी-मासळी तर केव्हाच बंद. शेजारच्या काकूंनी सांगितले म्हणून मेथीही बंद. तरी खाज चालूच असते. मग उरलेल्या पदार्थांवर संशय जातो.

आमचे आजचे म्हणणे असे, की अन्नावर संशय घेण्यास काहीच हरकत नाही. परंतु संशय आणि पुरावा यांत अंतर आहे. ते अंतर न ओलांडता ताटातून एकेक पदार्थ काढत गेले, तर दुहेरी हानी होते. ज्याचे पदार्थ काढले तो अशक्त होतो आणि खाजेचे खरे कारण पडद्याआड राहते.

प्रथम ॲलर्जी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजला. पुढे १९२१ साली कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोघांनी एक विलक्षण प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव आपल्या स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे गांधी उठली. ज्यांना माशाचा कधी त्रास नव्हता, त्यांच्या त्वचेला तेवढ्यापुरता तो होऊ लागला. ॲलर्जीला कारण होणारे काहीतरी रक्तात असते, हे त्या एका गांधीने सिद्ध झाले. ते काहीतरी म्हणजे आयजीई नावाचे प्रतिपिंड, हे इशिझाका दांपत्याने १९६६ साली दाखवून दिले आणि स्वीडनमधील संशोधकांनीही स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला. हे प्रतिपिंड त्वचेतील विशिष्ट पेशींवर जाऊन बसते. ज्या पदार्थाविरुद्ध ते तयार झाले आहे तो पदार्थ पुन्हा शरीरात आला, की त्या पेशी हिस्टामाइन सोडतात. त्यातून खाज, लाली, सूज उत्पन्न होते.

हे सर्व सांगण्याचे कारण असे, की ही क्रिया वेगाने घडते आणि म्हणून ती आपली खूण मागे ठेवते. अन्नाची खरी ॲलर्जी असेल तर त्रास बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो. तोंड, ओठ, घसा यांना खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, कधी ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो पदार्थ पुन्हा खाल्ला की हे पुन्हा घडते. सोमवारी शेंगदाण्याने त्रास आणि गुरुवारी त्याच शेंगदाण्याची चटणी निर्वेधपणे पचली, असे सहसा होत नाही. याला अपवाद आहेत. गोचीड चावल्यानंतर काही व्यक्तींना मटणासारख्या मांसाची ॲलर्जी निर्माण होते आणि तिचा त्रास तीन ते सहा तासांनी होतो. काहींना गव्हाची पोळी एरवी चालते, पण खाऊन लगेच धावपळ किंवा व्यायाम केला तर अंग भरून गांधी उठतात. असे रुग्ण थोडे असतात, परंतु डॉक्टरांच्या मनात त्यांची आठवण असावी लागते.

उलट, त्वचेवर काहीही दिसत नाही, तोंड-घशाला काही होत नाही, जेवणाच्या वेळेशी संबंध नाही, आणि तीन महिने सर्वांगाला नुसती खाज सुटते आहे, असे चित्र असेल तर अन्नाच्या ॲलर्जीची शक्यता फार कमी. तेथे दुसरे काही शोधावे लागते.

आता आपल्याकडील काही पदार्थांविषयी, कारण ते नेहमी विचारले जातात. अळू आणि सुरण यांनी घसा खवखवतो, हात खाजतात, हा सर्वांचा अनुभव आहे. ही ॲलर्जी नव्हे. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात आणि ते त्वचेला व घशाला प्रत्यक्ष टोचतात. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल घालून ते नीट शिजवण्याची आपल्या आजीची पद्धत उगाच पडलेली नाही. बांगड्याची गोष्ट वेगळी. बांगडा, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासा पकडल्यानंतर बर्फात नीट ठेवला गेला नाही, तर जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात, म्हणजे शरीर ॲलर्जीत जे सोडते तेच द्रव्य माशातच तयार होते. शिजवून ते नष्ट होत नाही. असा मासा खाल्ला की तोंड लाल होते, अंग खाजते, डोके दुखते. आणि घरातील ज्यांनी ज्यांनी तो खाल्ला त्या अनेकांना एकाच वेळी त्रास होतो. ही खूण लक्षात ठेवावी. एका पंक्तीला बसलेल्या चौघांना एकदम बांगड्याची ॲलर्जी होत नसते. त्यांच्यासाठी बांगडा जन्मभर वर्ज्य करण्याचे कारण नाही. ताजा मासा घेणे पुरे.

वांग्याबद्दल मात्र आमचे मत थोडे मवाळ आहे. म्हैसूर येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७४१ व्यक्तींपैकी सुमारे नऊ टक्के लोकांनी वांग्याने काही ना काही त्रास होतो असे सांगितले. तपासणीअंती खरी ॲलर्जी मात्र एक टक्क्याहून कमी लोकांत आढळली. म्हणजे वांग्यावरचा लोकांचा राग अगदीच निराधार नाही, पण अतिशयोक्त आहे.

आता एका कुटुंबाची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील जाणूनबुजून मोघम ठेवला आहे. तीन वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी आमच्याकडे आल्या. मूल रात्रभर खाजवत असे. पाच महिन्यांपूर्वी त्याची एक महागडी रक्ततपासणी करून घेण्यात आली होती. लाल, पिवळ्या व हिरव्या रंगांत छापलेल्या त्या अहवालात दूध, अंडे, गहू, शेंगदाणा आणि तूरडाळ लाल रांगेत होती. आईने ते सारे निष्ठेने बंद केले. मूल भाताची पेज, मुगाचे पाणी आणि थोडा बटाटा एवढ्यावर होते. त्याचे वजन वयाच्या मानाने बरेच खाली आले होते आणि मनगटांची हाडे मुडदुसात होतात तशी रुंद लागत होती. खाज मात्र तसूभरही कमी झालेली नव्हती.

आम्ही मुलाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. तेथे, मनगटावर आणि बेंबीभोवती बारीक पुरळ होते आणि भिंगाखाली त्वचेत नागमोडी, केसाएवढ्या रेषा दिसत होत्या. मग आईला हात पुढे करण्यास सांगितले. तिच्या बेचक्यांतही तेच. आजी म्हणाल्या, "मला तर वयामुळे खाजतं." त्यांनाही तेच होते. घरातील सर्वांना खरूज झाली होती. त्वचेत बोगदे करून राहणारा सूक्ष्म कीटक हे तिचे कारण, आणि शेंगदाण्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे कोणाकडून आली ते आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. त्या यादीचे नाव आम्हाला फार समर्पक वाटते.

उपचार स्वस्त आणि सोपा होता, पण शिस्तीचा. घरातील प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत परमेथ्रिन मलम लावायचे. तान्ह्या व अगदी लहान मुलांना डॉक्टरांच्या सांगण्यानुसार डोक्यालाही. सुमारे आठवडाभराने पुन्हा तसेच. कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. जे धुता येत नाही ते काही दिवस पिशवीत बंद ठेवायचे. कीटक मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, हे आधीच सांगून ठेवावे लागते. नाहीतर लोक पुन्हा पथ्याकडे वळतात. मुलाचे दूध, अंडे, पोळी, वरण टप्प्याटप्प्याने आमच्या देखरेखीखाली परत सुरू केले. त्याला यांपैकी कशाचाही त्रास झाला नाही. हाडांसाठी ड जीवनसत्त्व द्यावे लागले आणि वजन भरून येण्यास खाज जाण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागला.

दुसरी हकिकत साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांची. त्यांनी आंबट आणि तेलकट चार महिने सोडले होते. पुरळ नव्हते, खाज तळहात-तळपायांना अधिक. पत्नीने उन्हात बसले असताना त्यांचे डोळे पिवळसर पाहिले म्हणून त्या त्यांना घेऊन आल्या. पित्तनलिकेत अडथळा होता. येथे पित्ताचा संबंध खरोखरच होता, पण तो वेगळ्या अर्थाने. शस्त्रक्रिया विभागातील आमच्या सहकाऱ्यांनी पुढील उपचार केले. चार महिने अगोदर एक साधी यकृताची रक्ततपासणी झाली असती, तर काम सोपे झाले असते, एवढेच येथे नोंदवतो.

सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या खाजेची कारणे पुष्कळ आहेत. वृद्धांमध्ये सर्वांत मोठे कारण म्हणजे कोरडी त्वचा; हिवाळ्यात बंबातील कढत पाणी आणि भरपूर साबण यांनी ती आणखी कोरडी होते. कोमट पाणी, कमी साबण आणि अंग ओलसर असतानाच लावलेले तेल किंवा मलम यांनी कित्येकांची खाज जाते, औषधाची चिठ्ठी न लिहिता. मूत्रपिंडाचा जुना विकार, यकृताचे विकार, थायरॉइड, लोहाची कमतरता ही कारणे रक्त तपासून कळतात. अंघोळीनंतर टोचल्यासारखी खाज येत असेल तर रक्तातील तांबड्या पेशी वाढल्या नाहीत ना, हे पाहावे लागते. खाजेबरोबर वजन घटणे, रात्री घाम येणे, मानेत किंवा काखेत गाठी असणे यांकडे कधीही दुर्लक्ष करू नये. लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची ती सुरुवात असू शकते. गर्भवती स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटली तर पोट ताणल्याने होते म्हणून सोडून देऊ नये. पित्ताचा प्रवाह मंदावल्याने होणारा एक विकार त्यामागे असू शकतो आणि त्यात गर्भातील बाळाला धोका असतो. तिने त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना दाखवावे.

अंगावर रोज गांधी उठतात, प्रत्येक गांधी चोवीस तासांच्या आत विरते आणि नवी उठते, असे सहा आठवड्यांहून अधिक चालले असेल तर त्यास जुनाट शीतपित्त म्हणतात. येथे तर ॲलर्जीवाचून दुसरे काय असणार, असे कोणालाही वाटेल. पण प्रौढांच्या जुनाट शीतपित्तात अन्नाची ॲलर्जी हे कारण क्वचितच सापडते. बऱ्याच रुग्णांत शरीराची प्रतिकार यंत्रणाच आपल्या त्वचेतील पेशींना डिवचत असते. अशांना पथ्यापेक्षा झोप न आणणाऱ्या अँटिहिस्टामाइन गोळ्या नियमितपणे, सांगितलेल्या मात्रेत घेण्याचा उपयोग होतो. ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी मात्र यांपैकी अनेकांचा त्रास वाढतो. गुडघेदुखीची गोळी कोणी खाण्यात मोजत नाही, म्हणून आम्ही ती वेगळी विचारतो.

आता तपासण्यांकडे वळू, कारण पैसा सर्वाधिक येथे जातो. त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सुईच्या टोकाने हलके टोचण्याची एक चाचणी आहे आणि रक्तातील विशिष्ट आयजीई मोजण्याची दुसरी. दोन्ही उपयुक्त आहेत, पण नीट विचारलेल्या प्रश्नाला. त्या फक्त एवढेच सांगतात, की या पदार्थाविरुद्ध शरीरात आयजीई आहे. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो, असे त्या सांगत नाहीत. बेंगळुरू व म्हैसूर येथील प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र १.२ टक्के लोकांतच दिसली. याचा अर्थ असा, की रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही धरून ही तपासणी केली, तर साधारण चौघांत एकाला उगीचच कशाचे तरी पथ्य लागेल.

याचे एक सुंदर उदाहरण कोळंबीचे आहे. कोळंबीच्या ॲलर्जीला मुख्यतः ट्रोपोमायोसिन हे स्नायूतील प्रथिन कारण होते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले. जवळजवळ तसेच प्रथिन झुरळात आणि घरातील धुळीच्या कीटकातही असते. त्यामुळे ज्याने जन्मात मासळीला स्पर्श केला नाही, गळ्यात तुळशीची माळ आहे, अशा गृहस्थाच्या अहवालातही कोळंबी लाल रांगेत येऊ शकते. त्यांची खरी ॲलर्जी धुळीची असते.

एकूण आयजीई वाढले म्हणूनही घाबरू नये. आपल्याकडे जंतांमुळेही ते वाढते. आणि ज्या तपासणीत शंभर-शंभर पदार्थांविरुद्ध आयजीजी हे प्रतिपिंड मोजून रंगीत यादी दिली जाते, तिचा तर ॲलर्जी ठरवण्यास उपयोगच नाही. आपण जे खातो त्याविरुद्ध आयजीजी तयार होणे हे शरीराने ते अन्न ओळखल्याचे सामान्य लक्षण आहे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच या तपासणीविरुद्ध स्पष्ट मत दिलेले आहे. त्या मुलाचा अहवाल याच जातीचा होता. घरात रोज खाल्ले जाणारेच पदार्थ त्यात लाल दिसले, यात नवल नाही.

मग पुरावा मिळवायचा कसा? त्यासाठी महागडे काही लागत नाही. बहुतेक घरांत भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यावर दुधाचा रतीब लिहिलेला असतो. त्याच चौकोनात खाज किती वाजता सुटली, त्याआधी दोन तासांत काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, हे तीन-चार आठवडे लिहावे. गांधी उठली तर मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. आमच्याकडे येईपर्यंत ती बहुधा विरलेली असते. या नोंदीत एखादा पदार्थ पुनःपुन्हा त्रासाच्या आधी दिसला, तरच त्याच्यावर संशय घ्यावा. मग तो एकच, फार तर दोन पदार्थ, दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करावेत. बाजारच्या पुडीबंद पदार्थांच्या वेष्टनावरील मजकूर वाचावा; दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, सोया, मासे यांसारखे घटक असल्यास ते ठळकपणे सांगणे २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार आवश्यक आहे. मुदत संपली आणि खाज कमी झाली नाही, तर तो पदार्थ निर्दोष समजून ताटात परत आणावा. लोक बंद करण्याचे काम उत्साहाने करतात, परत आणण्याचे काम कोणी करत नाही.

खाज कमी झाली तरी काम संपत नाही. खाजेला आपोआप कमी-जास्त होण्याची सवय असते. म्हणून पदार्थ पुन्हा देऊन पाहावा लागतो, आणि तो दिल्यावर त्रास परतला तरच गुन्हा शाबीत होतो. मनाचा प्रभाव वगळण्यासाठी रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नसताना पदार्थ देऊन पाहण्याची पद्धत चार्ल्स मे यांनी १९७६ साली मुलांमध्ये वापरली, आणि आजही सर्वांत खात्रीची चाचणी तीच मानतात. मात्र ज्याला पूर्वी त्या पदार्थाने श्वास लागला, घसा सुजला, चक्कर आली किंवा अंग भरून गांधी उठल्या, त्याने हा प्रयोग घरी मुळीच करू नये. तो रुग्णालयातच, तयारीनिशी करायचा असतो.

खरी ॲलर्जी असते तेव्हा ती किती स्पष्ट असते, हेही सांगितले पाहिजे. किनारपट्टीवरील एका तरुणीला कोळंबीची आमटी खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत ओठांना खाज सुटे आणि अंगावर गांधी उठत. तीन वेळा असे झाले, तिन्ही वेळा कोळंबीनेच. पापलेट तिला चालत असे. त्वचेची चाचणी तिच्या सांगण्याशी जुळली. तिच्यासाठी पथ्य अत्यावश्यक आहे, पण ते कोळंबीचे आणि तिच्या जातीच्या कवचधारी प्राण्यांचे. बाकी सर्व ती खाते.

अशा रुग्णांच्या घरी एक गोष्ट पाठ असावी. खाज आणि गांधींबरोबर आवाज घोगरा होणे, धाप लागणे, जीभ सुजणे, वारंवार उलटी किंवा घेरी यांपैकी काहीही सुरू झाले, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नये. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर बसते ठेवावे, पण उभे करून चालवू नये, आणि तातडीने जवळच्या रुग्णालयात न्यावे. मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच तेथे प्राण वाचवणारा उपचार आहे.

लहान मुलांच्या बाबतीत एक अपवाद सांगून थांबतो. तान्हेपणीच सुरू झालेला तीव्र इसब असेल, तर त्यांतील बऱ्याच मुलांना, विशेषज्ञांकडे येणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना, अन्नाची ॲलर्जीही असते. तेथे तपासणी जरूर करावी. तरीही आपल्या मनाने दूध-अंडे तोडू नये, कारण इसब असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवला, तर शरीर त्याला विसरते आणि पुढे तो दिल्यावर तीव्र त्रास होऊ शकतो. लंडन येथे झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोखीम असलेल्या ६४० बालकांचे दोन गट केले. एका गटाला अकरा महिन्यांच्या आतच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, दुसऱ्यास पाच वर्षांपर्यंत ते टाळण्यास सांगितले. ज्यांनी शेंगदाणा खाल्ला त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात बाळाला तो कूट किंवा पातळ लगद्याच्या रूपातच द्यावा. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो.

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न येथे देत आहोत.

पित्त उठल्यावर आमसुलाचे पाणी लावावे का? अवश्य लावावे. थंडाव्याने खाज काही वेळ शमते आणि त्यात धोका नाही. खाजवून त्वचा सोलवटली असेल तेथे मात्र लावू नये, आग होते. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे दिसत असतील तर आमसूल भिजवण्यात वेळ घालवू नये.

मुलाला लहानपणी अंड्याची ॲलर्जी होती, ती आयुष्यभर राहील का? दूध आणि अंडे यांची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. शेंगदाणा, मासे, कोळंबी यांची बहुधा टिकते. म्हणून दूध-अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला दर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा दाखवावे. येताना जुने अहवाल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि लिहिलेली दिनदर्शिका आणावी. त्वचेची चाचणी ठरली असेल तर अँटिहिस्टामाइन गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात. त्या आम्हाला विचारूनच बंद कराव्यात. आणि खाज घरात आणखी कोणाला असेल, तर त्यांनाही बरोबर घेऊन यावे.